खोकला, पाय आणि ६६७० जोड्या

जेवणाच्या टेबलावर दादाचा पेला आत्या अर्धाच भरायची. पूर्ण भरला की पाणी सांडायचं, कारण टेबलाखाली दादाचे पाय थांबत नसत. एक टाच सारखी वर-खाली, मग दुसरी. "अरे, शांत बस की जरा," असं आत्या दिवसातून दहा वेळा म्हणे. तो दोन मिनिटं थांबे आणि मग पेल्यातल्या पाण्यावर पुन्हा बारीक वर्तुळं उठायला लागत. राजेंद्रनगरच्या त्या घरात हे इतकं अंगवळणी पडलं होतं, की त्याचा माझ्या कामाशी काही संबंध असेल असं मला स्वप्नातही वाटलं नाही.

माझं काम म्हणजे इंदूरच्या एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवणं. पुढे लिहिलंय ते एका एम.एस्सी. प्रकल्पाचं प्रकरण आहे. स्किझोफ्रेनियात मेंदूतल्या जाळ्यांमध्ये काय बदल होतात, ते आकड्यांतून शोधायचं, असा विषय. प्रकल्प विद्यार्थिनीचा, मार्गदर्शक मी. त्यातली मोठी चूक माझी, आणि ती पकडली तिने. घरच्यांना विचारून लिहितोय. नावं मुद्दाम टाळली आहेत.

'मेंदू नॉर्मल आहे'

दादा म्हणजे माझा आतेभाऊ. बाविसाव्या वर्षी आजारी पडला. आधी कॉलेज सुटलं, मग मित्र, मग रोजची आंघोळ. शेजारच्या भिंतीतून दोन माणसं आपल्याबद्दल बोलतात, असं सांगायचा. डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या आणि दुसऱ्या आठवड्यात एमआरआय काढून आणायला सांगितला. सोबत मी गेलो होतो. काचेपलीकडून टेक्निशियन माइकवर सारखा बजावत होता, "भैया, हिलना मत, फिर से लेना पड़ेगा." दोनदा परत घ्यावा लागला. रिपोर्टच्या तळाशी एक ओळ आली: मेंदूत लक्षणीय दोष आढळला नाही.

आत्याने तो कागद माझ्यापुढे धरला. "मेंदू चांगला आहे म्हणतात. मग याला भिंतीतलं बोलणं कसं ऐकू येतं रे?"

तेव्हा मला उत्तर देता आलं नाही. तो एमआरआय काढतात तो गाठ, रक्तस्राव, सूज असलं दुसरं काही नाही ना, एवढं बघायला. स्किझोफ्रेनियाचं निदान आजही डॉक्टर समोर बसवून, बोलून करतात: भास, भ्रम, विस्कटलेलं बोलणं, माणसांपासून दूर होत जाणं, आणि हे सगळं किती दिवस टिकलंय. रक्ताच्या तपासणीत ते दिसत नाही आणि फोटोतही नाही.

आपल्याकडे पुस्तकात या आजाराला 'छिन्नमनस्कता' म्हणतात. शब्द ऐकला की लोकांना सिनेमातला डबल रोल आठवतो, एका माणसात दोन माणसं. तसं काही नसतं. स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९०८ साली 'स्किझोफ्रेनिया' हा शब्द काढला, तेव्हा त्यांच्या मनात विचार, भावना आणि वागणं यांना जोडणारे सांधे सैल होणं होतं. म्हणजे 'जोडणी' ही कल्पना या आजाराच्या नावातच बसलेली आहे. १९९५ साली कार्ल फ्रिस्टन आणि क्रिस फ्रिथ यांनी तीच मेंदूच्या भाषेत मांडली: मेंदूचा एखादा तुकडा बिघडत नाही, तुकड्यांमधलं दळणवळण बिघडतं.

आत्याला हे मी पुढे इंदूरच्या सराफा बाजारावरून समजावलं. दुपारी सराफ्यात जा, सोन्या-चांदीची दुकानं. रात्री त्याच गल्लीत, त्याच बंद शटरांपुढे गराडू, भुट्ट्याचा कीस आणि जलेबी. गल्लीचा नकाशा काढला तर दोन्ही वेळी एकच निघेल, एक वीटही हललेली नाही. कोण कोणाशी बोलतंय, गर्दी कुठून कुठे सरकतेय, हे नकाशात येतच नाही. दादाचा एमआरआय म्हणजे गल्लीचा नकाशा. जाळ्यांचा अभ्यास करायचा तर गर्दी मोजायला हवी.

गर्दी कशी मोजतात

माझी विद्यार्थिनी लोकमान्यनगरची मुलगी. आमच्याकडे दर वर्षी निम्मे प्रकल्प शेअर बाजारावर आणि उरलेले क्रिकेटवर. त्यामुळे ती "सर, मेंदूची जाळी करायची आहे" म्हणत आली, तेव्हा दादाचं काही न सांगता मी लगेच हो म्हटलं.

डेटा विकत घ्यावा लागला नाही. अमेरिकेत न्यू मेक्सिकोतल्या संशोधकांनी 'कोब्रे' नावाचा संच खुला ठेवलेला आहे: स्किझोफ्रेनियाचे ७२ रुग्ण आणि ७५ निरोगी माणसं, वय १८ ते ६५. प्रत्येकाचा एफएमआरआय, काही न करता नुसतं पडून राहून घेतलेला. दर दोन सेकंदांना पूर्ण मेंदूचं एक चित्र, अशी १५० चित्रं. म्हणजे माणशी पाच मिनिटं.

एफएमआरआय विचार वाचत नाही. मेंदूचा एखादा भाग कामाला लागला की तिकडे ताजं रक्त धावतं. प्राणवायू असलेलं आणि नसलेलं रक्त चुंबकाला वेगवेगळं दिसतं, आणि मशीन तो फरक टिपतं. सेइजी ओगावा यांनी १९९० साली दाखवलेली ही गोष्ट. रक्त पोहोचायला पाच-सहा सेकंद लागतात, त्यामुळे आपण बघतो ती मेंदूच्या कामाची उशिरा पडलेली सावली. पुढे १९९५ साली, तेव्हा विद्यार्थीच असलेल्या भरत बिस्वाल यांच्या लक्षात आलं, की माणूस बोटही हलवत नसताना हालचालीची डावी-उजवी केंद्रं एकमेकांच्या तालात वर-खाली होत असतात. त्या तालाला आधी लोक गोंगाट समजून पुसून टाकत. आज अख्खं शास्त्र त्यावर उभं आहे.

आमची रीत सरळ होती. मेंदूचे ११६ भाग पाडणारा एक प्रचलित नकाशा घेतला. प्रत्येक भागाची १५० आकड्यांची एक रांग. कोणत्याही दोन रांगा बरोबरीने वर-खाली होतात का, ते सहसंबंधाने मोजायचं. ११६ भागांच्या जोड्या होतात ६६७०. माणसामागे ६६७० आकडे, आणि माणसं फक्त १४७. संख्याशास्त्राच्या माणसाला इथेच घाम फुटायला हवा. कारण आजाराचा काडीचाही परिणाम नसला, तरी नेहमीच्या पाच टक्क्यांच्या कसोटीवर यातल्या ३३० हून अधिक जोड्या निव्वळ योगायोगाने 'फरक आहे' म्हणून हात वर करतील.

हे मला माहीत होतं. वर्गात हेच शिकवतो. तरी पुढे जे घडलं ते घडलंच.

नव्वदीचा आनंद

तिने ६६७० मधून दोन गटांत सर्वांत जास्त फरक दाखवणाऱ्या ५० जोड्या निवडल्या. त्यांच्यावर सपोर्ट व्हेक्टर मशीन शिकवलं; नावात मशीन असलं तरी तो उदाहरणं बघून दोन गट वेगळे करायला शिकणारा संगणकाचा प्रोग्रॅम. मग माणसांचे दहा हिस्से केले. नऊ हिश्शांवर शिकवायचं, दहाव्यावर परीक्षा घ्यायची, असं आळीपाळीने. रुग्ण कोण आणि निरोगी कोण, हे मशीन शंभरात नव्वदहून जास्त वेळा बरोबर ओळखू लागलं. सगळ्यांना डोळे मिटून निरोगी म्हटलं तर ५१ टक्के बरोबर येतं, त्यापुढे नव्वद म्हणजे चमत्कारच. मी स्टाफरूममध्ये कचोऱ्या मागवल्या. एका परिषदेला सारांश पाठवला. घरी आत्याला फोन करून अर्धवट काहीतरी सांगूनही टाकलं, आणि ते सांगणं मला पुढे फार जड गेलं.

परिषदेकडून परत आलेल्या शेऱ्यात एकच प्रश्न होता: ५० जोड्या निवडताना परीक्षेचे लोक बाजूला ठेवले होते का?

नव्हते. जोड्या निवडल्या सगळ्या १४७ जणांवरून, आणि मग त्यातल्याच लोकांची परीक्षा घेतली. पेपर सेट करताना उत्तरपत्रिका बघून प्रश्न निवडावेत, तसं. तिने त्या रात्री जे केलं ते मी आता दर वर्षी वर्गात करून दाखवतो. मेंदूचे आकडे काढून टाकले आणि संगणकाला १४७ ओळींत ६६७० निव्वळ रँडम आकडे भरायला सांगितलं. त्यात ना मेंदू, ना आजार. मग तीच ५० जोड्यांची निवड, तेच मशीन, तीच दहा हिश्शांची परीक्षा. निकाल पुन्हा नव्वदीच्या आसपास! लॅपटॉप माझ्याकडे वळवून ती म्हणाली, "सर, आपण नाण्याचा आजार ओळखला."

निवड प्रत्येक फेरीत फक्त नऊ हिश्शांवरून करायला लागल्यावर आकडा धाडकन खाली आला. नाणेफेकीपेक्षा बरा, पण कचोरी मागवण्याइतका नाही.

तरी माझा धीर सुटला नव्हता. ओळखण्याचं सोडा, दोन गटांतला सरासरी फरक तर दिसत होता, आणि चुकीच्या 'हो'चं प्रमाण आवरणारी बेन्जामिनी-हॉकबर्ग यांची रीत लावूनही टिकत होता. चित्र देखणं होतं: रुग्णांमध्ये मेंदूचे लांबलांबचे भाग एकमेकांपासून सुटलेले, जवळजवळचे जास्त चिकटलेले. फ्रिस्टन आणि फ्रिथ यांनी म्हटलं तसंच. जे दिसावं असं वाटत होतं, नेमकं तेच दिसलं. म्हणूनच मी आणखी खोदलं नाही.

खोकला

खोदलं तिने. माणूस मशीनमध्ये किती हलला, त्याच्या सहा रेषा प्रत्येक स्कॅनसोबत मिळतात: डोकं पुढे-मागे, डावी-उजवीकडे आणि वर-खाली किती सरकलं, आणि तिन्ही दिशांना किती वळलं. रोज कॉलेज सुटल्यावर ती एकेकाच्या रेषा उघडून बघत बसायची. मला वाटायचं, वेळ घालवतेय.

एके दिवशी तिने मला एक आलेख दाखवला. जवळपास सपाट सहा रेषा. तिसरं मिनिट उलटल्यावर सहाच्या सहा एकदम उसळी मारतात, दोन चित्रांपुरत्या, आणि परत जागेवर येतात. "सर, हा खोकला." खरं म्हणजे खोकला की शिंक, कोण सांगणार. पण त्यानंतर आमच्या बोलण्यात ते 'खोकलेवाले चित्र'च झालं. तिने त्या माणसाच्या ६६७० जोड्यांची रंगीत चौकट दोनदा काढली, सहसंबंध जितका जास्त तितका रंग लाल. एकदा सगळ्या १५० चित्रांवरून, एकदा ती उसळी आणि तिच्या मागची-पुढची थोडी चित्रं वगळून. पहिल्या चौकटीत लाल रंगाचे पट्टेच्या पट्टे, दुसरीत ते विझलेले. पाच मिनिटांतल्या चार सेकंदांनी माणसाचा 'मेंदू' बदलला होता.

असं का होतं, ते समजायला इंदूरच्या गेरचा, म्हणजे रंगपंचमीच्या मिरवणुकीचा, मोबाइलवर काढलेला व्हिडिओ पुरेसा आहे. राजवाड्यावर हजारो लोक आपापल्या तालात नाचत असतात. पण काढणाऱ्याला धक्का लागला, मोबाइल हलला, की पडद्यावरचे सगळे एकाच क्षणी एकाच बाजूला झुकलेले दिसतात. शेजारशेजारची माणसं तर अगदी जोडीने नाचताहेत असं वाटतं. डोकं हललं की मेंदूच्या चित्राचं तेच होतं. जवळच्या भागांना सारखाच धक्का बसतो आणि त्यांचा सहसंबंध फुगतो. लांबच्या भागांना वेगवेगळा बसतो, त्यांचा सहसंबंध घटतो. २०१२ साली जोनाथन पॉवर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, आणि त्याच सुमारास आणखी दोन गटांनी हे दाखवून दिलं, तेव्हा या क्षेत्रात चांगलीच खळबळ उडाली होती. मिलिमीटरच्या अंशाएवढी हालचालही पुरते.

आता हे आमच्या देखण्या चित्राशेजारी ठेवा. लांबचं सुटलेलं, जवळचं चिकटलेलं. हालचाल हुबेहूब आजाराचं सोंग घेते, आणि तेही सिद्धांताने आधीच शिवून ठेवलेल्या कपड्यांत!

तिने मग एक साधा प्रयोग केला, आणि माझ्या मते अख्ख्या प्रकल्पातली सर्वांत मोलाची गोष्ट तीच. रुग्ण बाजूला ठेवले. नुसत्या ७५ निरोगी माणसांचे दोन ढीग केले, ३८ कमी हलणारे आणि ३७ जास्त हलणारे, आणि जणू एक गट आजारी आहे असं समजून त्यांची तुलना केली. आजार कोणालाच नव्हता. तरी फरकाचं चित्र निघालं, आणि ते आमच्या 'स्किझोफ्रेनिया'च्या चित्राचं चुलत भावंड शोभत होतं. रुग्णांच्या गटाची सरासरी हालचाल जास्त होती, हे तर तिने आधीच काढून ठेवलं होतं.

मी विचारलं, "पण रुग्ण जास्त का हलतात?" प्रश्न तिला विचारला खरा, आणि विचारता विचारताच टेबलावरचा अर्धा पेला माझ्या डोळ्यांपुढे आला.

गोळीपासून चौकटीपर्यंत

स्किझोफ्रेनियावरच्या औषधांचा एक ओळखीचा दुष्परिणाम आहे, अकॅथिसिया. आतून असह्य अस्वस्थता येते, एका जागी बसवत नाही, पाय हलवल्याशिवाय राहवत नाही. विशेषतः हॅलोपेरिडॉलसारख्या जुन्या औषधांनी, आणि बरेचदा सुरुवातीच्या दिवसांतच. बाहेरून बघणाऱ्याला हा चाळा वाटतो, नाहीतर आजारच वाढलाय असं वाटतं. दादाचा एमआरआय गोळ्या सुरू झाल्यानंतर दुसऱ्या आठवड्यातला. "भैया, हिलना मत."

म्हणजे साखळी अशी: गोळीने पाय हलतात, पायाने धड, धडाने डोकं, डोक्याने चित्र सरकतं, चित्राने सहसंबंध, आणि शेवटी आम्ही लिहितो 'स्किझोफ्रेनियात मेंदूची जाळी विस्कटते'. विस्कटत असेलही. पण आमच्या पहिल्या चित्रातला किती वाटा आजाराचा, किती गोळीचा आणि किती टाचेचा, हे आम्ही वेगळं केलेलंच नव्हतं. प्रत्येक रुग्ण गोळीमुळेच हलतो असंही नाही. कोणी घाबरलेला असतो, कोणाला भास होत असतात, कोणाची पाठ दुखत असते.

सफाईला बसलो. दोन चित्रांच्या मधली हालचाल एका आकड्यात आणायची पॉवर यांची रीत वापरली: सहाही रेषांतले बदल मिलिमीटरमध्ये मोजून बेरीज करायची. वळणं अंशांत असतात, म्हणून डोकं ५० मिलिमीटर त्रिज्येचा गोल धरायचं. एक अंश वळलं की पृष्ठभागावर सुमारे पाऊण-एक मिलिमीटर सरकलं. बेरीज अर्ध्या मिलिमीटरच्या वर गेली की ते चित्र वगळायचं.

आणि इथे असा एक तिढा पडला, की त्यावर आमचा आठवडा गेला. एखाद्याची ६० चित्रं वगळली तर ९० उरतात, म्हणजे तीन मिनिटं. तेवढ्यात सहसंबंध स्थिरावत नाही. मग अशा माणसालाच वगळायचं? तसं केलं की जास्त करून रुग्णच गळतात, आणि त्यातही बहुधा जास्त आजारी असलेले. उरतात ते शांत, औषध मानवलेले, बरेचसे सावरलेले. गहू निवडताना खडे काढावेत, आणि नंतर कळावं की काही खडे म्हणजेच आपण शोधत होतो ते दाणे. दादा या संचात असता तर आमच्या चाळणीत पहिल्याच झटक्याला गळला असता. ही चाळणी चुकीची आहे असं मी म्हणत नाही. पण ती कोणाकोणाला गाळते, ते रिपोर्टात लिहायलाच हवं असं आम्ही ठरवलं, आणि वगळलेल्यांचा तक्ता पहिल्या पानावर घातला.

दुसरा वाद पूर्ण मेंदूच्या सरासरी संकेताचा, म्हणजे सगळ्या मेंदूच्या एकत्रित चढ-उताराचा. तो वजा केला की श्वासाचा आणि हालचालीचा बराच कचरा निघून जातो. पण २०१४ साली एका गटाने दाखवलं, की स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांत हा सरासरी संकेतच जास्त चढ-उतार करतो. म्हणजे कचऱ्याबरोबर सोनंही जाण्याची भीती. आम्ही दोन्ही प्रकारे करून दोन्ही निकाल छापले. मार्गदर्शक म्हणून मला तेवढंच प्रामाणिक वाटलं. परीक्षकांना ते कचखाऊ वाटलं.

बिडी-सिगारेटचा मुद्दा आम्ही एका परिच्छेदात उरकला. स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांत धूम्रपान बरंच जास्त असतं आणि निकोटिनने जाळी बदलतात, पण आमच्याकडे ते वेगळं करायला पुरेशी माहिती नव्हती. औषधाच्या मात्रेचंही तसंच. वेगवेगळ्या गोळ्या क्लोरप्रोमाझीन या जुन्या औषधाच्या मापात आणून तुलना करता येते, पण ज्याचा आजार जास्त त्याची मात्रा जास्त, मग आजार आणि मात्रा एकमेकांपासून सोडवायची कशी? ज्यांनी अजून एकही गोळी घेतलेली नाही असे नवे रुग्ण तपासणं, हा त्यावरचा खरा उपाय. ते एम.एस्सी.च्या आवाक्यातलं काम नव्हे.

काय उरलं

थोडं उरलं, पण उरलं. मेंदूच्या मध्यभागी थॅलॅमस नावाचं केंद्र आहे, बाहेरून येणाऱ्या बहुतेक सगळ्या संवेदनांची डाक जिथून वाटली जाते ते. स्किझोफ्रेनियात थॅलॅमसचा कपाळामागच्या भागाशी संबंध कमी आणि संवेदना-हालचालीच्या पट्ट्याशी जास्त, असं गेल्या पंधरा-एक वर्षांत वेगवेगळ्या गटांना पुन्हा पुन्हा आढळलं आहे. आमच्या साफ केलेल्या आकड्यांतही झुकाव त्याच बाजूचा होता. फरक छोटा. दोन गटांचे आलेख एकमेकांवर ठेवले तर बहुतेक माणसं सरमिसळ. पहिल्या चित्रातली ती लांबच्या जोड्यांची मोठी पडझड मात्र बरीचशी विरली.

त्यामुळे प्रकल्पाचं शीर्षक बदललं. आधीचं होतं 'स्किझोफ्रेनियाचे स्वयंचलित निदान'. नवं शीर्षक लांबलचक आणि कंटाळवाणं झालं, त्यात 'हालचाल' हा शब्द तिने हट्टाने घातला. परिषदेचा सारांश आम्ही मागे घेतला. विभागात एक-दोघांनी विचारलं, "म्हणजे निगेटिव्ह रिझल्ट का?" मी हो म्हटलं. समजावत बसलो नाही.

आत्याला समजावणं भाग होतं. फोनवर मी काय बोलून बसलो होतो ते ती विसरली नव्हती. "तुझ्या त्या मशीनने फोटो बघून कळतं ना? मग माझ्या नातीचं आधीच बघून ठेवू." दादाच्या बहिणीची मुलगी, नववीत.

कागद घेतला. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगात सुमारे ३०० माणसांमागे एकाला हा आजार असतो. ३००० माणसं घेतली तर १० रुग्ण. धरून चाल, आपलं मशीन खूप हुशार आहे, शंभरातले ८० रुग्ण पकडतं आणि शंभरातल्या ८० निरोग्यांना निरोगी म्हणतं. आमचं तेवढंही नाही. तर १० पैकी ८ रुग्ण सापडले. आणि २९९० निरोग्यांपैकी ५९८ जणांना मशीन आजारी म्हणेल. एकूण ६०६ जणांच्या हातात 'आजार आहे' असा कागद, त्यात खरे ८.

आत्याने त्या ५९८ वर बोट ठेवलं. "आणि यांच्या आयांनी काय करायचं?"

नातीचा विषय तिथेच संपला. दादाला झालं म्हणून भाचीची शक्यता थोडी वाढते हे खरं, पण ती मुलगी हसते-खेळते, मैत्रिणींबरोबर सायकलवर क्लासला जाते. तिला मशीनमध्ये घालून बघण्यासारखं काही नाही, हे आत्याला माझ्याआधी पटलं.

मग मी माझा प्रश्न विचारला. दादाचे पाय कधीपासून हलतात? आत्या म्हणाली, आजारपणातच लागलेली सवय. मी म्हटलं, आजाराच्या आधी? गोळ्यांच्या आधी? ती बराच वेळ गप्प राहिली. "नाही. आधी तर गणपतीत तासतासभर आरासीला बसायचा, मांडी घालून."

पुढच्या तपासणीला मी बरोबर गेलो. एवढ्या वर्षांत पायांचं डॉक्टरांना कोणी सांगितलंच नव्हतं. तिथे विषय व्हायचा तो झोपेचा, भासांचा आणि गोळ्या वेळेवर घेतो का त्याचा. त्यात पुन्हा दवाखान्यात दादा खुर्चीवर बसायचाच नाही, दारापाशी फेऱ्या मारायचा, आणि तो घाबरतो म्हणून फिरतो असं आम्हीच त्यांना सांगायचो. डॉक्टरांनी त्याला समोर बसवून दोन मिनिटं नुसते पाय बघितले, मग उभं करून बघितले. विचारलं, "आतून कसं वाटतं?" दादा म्हणाला, "मुंग्या नाहीत. पण थांबलो की जास्त होतं." डॉक्टरांनी गोळीची मात्रा थोडी उतरवली आणि सोबत काही दिवस या अस्वस्थतेवरची प्रोप्रॅनोलॉल दिली. हे घरच्या घरी ठरवायचं काम नव्हे. गोळी आपल्या मनाने थांबवली की आजार उलटतो, हे आमच्या घराने एकदा भोगलेलं आहे.

परतताना गाडीत मी दादाला विचारलं, त्या एमआरआयच्या वेळी आत काय करत होतास? त्याला सगळं लख्ख आठवत होतं. "पाय हलू नयेत म्हणून ठोके मोजत होतो. मशीनचे. चारशेपर्यंत मोजले. मध्ये ते दोघं बोलले की चुकायचं, परत पहिल्यापासून."

हे मी विद्यार्थिनीला सांगितलं. आमच्या रिपोर्टात त्या पाच मिनिटांच्या स्कॅनला जागोजागी 'विश्रांत अवस्था' म्हटलं होतं. शास्त्रात तोच शब्द रूढ आहे. तिने शब्द तसाच ठेवला, पण मर्यादांच्या प्रकरणात एक वाक्य वाढवलं: स्कॅनच्या वेळी ती व्यक्ती मनात काय करत होती, हे या आकड्यांवरून कळत नाही. तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी नेमकं त्याच वाक्यावर पेन्सिल टेकवून विचारलं, हे कुठल्या पेपरमधून घेतलं? "सरांच्या घरून," असं ती म्हणाली, आणि परीक्षकांना ते कळलं नाही.

दादाचे भास पूर्ण गेलेले नाहीत. भिंतीतले दोघं अधूनमधून येतात, पण आता लांबून बोलतात म्हणतो. पाय मात्र तीन-चार आठवड्यांत बरेच शांत झाले. गेल्या रविवारी मी जेवायला गेलो होतो. पोळ्या होईपर्यंत तो टेबलाशी बसून होता, पेल्यातलं पाणी आरशासारखं निश्चल. आत्या अजून त्याचा पेला अर्धाच भरते.